पांढरेअण्णा फॅक्स हातात देतात

पांढरेअण्णांनी एकदा आमच्या जनरल मॅनेजरसाहेबांना संडासात गाठून दाराखालून फॅक्स दिला होता. दिला म्हणजे नुसता आत सरकवला नाही. "साहेब, हात काढा भाईर," असं दरडावून त्यांनी साहेबांची बोटं दाराखालून बाहेर काढायला लावली, कागद त्या बोटांत नीट बसवला आणि मगच ते तिथून हलले. मी शेजारच्या बेसिनपाशी होतो. त्या दिवशी मी पोट धरून हसलो. पुढं हा माणूस माझ्याच वाट्याला येणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

वाळूजला आमचा गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना होता आणि अण्णा तिथले फॅक्स ऑपरेटर. मूळचे पैठण रोडकडच्या एका खेड्यातले, मेंढरांमागं वाढलेले, राहायला पुंडलिकनगरला एकटेच. वय पन्नाशीच्या आसपास, आणि आवाज माळावरच्या कळपाला हाकारायचा. सकाळी गेटात शिरल्यापासून शिफ्टची बस सुटेपर्यंत अण्णा कुणावर ना कुणावर चिडलेले असत. कॅन्टीनवाल्यावर, शिपायावर, पंख्यावरसुद्धा.

त्यांचा एकच नियम होता. फॅक्स टेबलावर ठेवायचा नाही, ट्रेमध्ये ठेवायचा नाही, दुसऱ्याकडं द्यायचा नाही. माणूस जेवत असो की मशीनवर असो, अण्णा समोर उभे राहायचे. "हात पुढं करा." साहेबाला तसं आणि झाडूवाल्या तुकारामलाही तसंच. तुकारामचा भाऊ कधीमधी गावाकडच्या एसटीडी बूथवरून फॅक्स करायचा. लाईनवरच्या माणसाचे हात तेलकट असले तर अण्णा म्हणायचे, "पुसा. थांबतो मी." मग सुपरवायझर काम अडलं म्हणून ओरडायचा आणि अण्णा त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायचे.

विद्यापीठाच्या कमानीवर नवं नाव लागून तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. वाळूजला रोज कुठं ना कुठं नवी शेड उभी राहत होती आणि आमच्या साहेबांना परदेशी गिऱ्हाइकांची स्वप्नं पडत होती. त्यांनी मला हुकूम सोडला : फॅक्स कंपनीच्या ईमेलला जोडा. येणारा फॅक्स थेट ज्याच्या त्याच्या स्क्रीनवर दिसला पाहिजे आणि जाणारा तिथूनच गेला पाहिजे. तेही परदेशी पाहुणे यायच्या आत. मी कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख होतो, आणि त्या विभागात मी एकटाच होतो.

पुण्याहून सॉफ्टवेअर आलं. सर्व्हरमध्ये फॅक्सचं कार्ड बसवलं, टेलिफोनची लाईन आणली, आणि त्या सगळ्याची ईमेलशी गाठ मारता मारता माझ्या तोंडाला फेस आला. जाणारे फॅक्स सुरळीत जाऊ लागले. घोडं अडलं ते येणाऱ्यांपाशी. फॅक्स कुणाच्या नावाचा आहे हे कागदाच्या कोपऱ्यात हातानं खरडलेलं असायचं, ते यंत्राला कुठून वाचता येणार? त्यामुळं आलेले सगळे फॅक्स आधी एकाच पेटीत जमायचे आणि कुणीतरी माणसानं ते बघून पुढं ज्याच्या त्याच्या ईमेलवर धाडायचे. हा माणूस अर्थातच अण्णा.

"सोपं आहे अण्णा," मी म्हणालो. "फॅक्स उघडायचा, नाव निवडायचं, आणि त्यांच्या मेलबॉक्समध्ये टाकायचा."

"टाकायचा?"

"हो. टाकायचा."

"उकिरडा हाय का त्यो?"

"अहो, सगळे असंच म्हणतात."

"म्हणू द्या. टाकायचं नसतंय, इंजिनेर. द्यायचं असतंय!"

काम मात्र ते दोन दिवसांत शिकले. फॅक्स स्क्रीनवर उघडायचे, नाव वाचायचे, आणि बटण दाबायच्या ऐवजी त्याची प्रिंट काढून कारखानाभर हिंडायचे. "तुमच्या खोक्यात टाका म्हणत व्हते. हा घ्या." प्रिंटर दुसऱ्या मजल्यावर, म्हणून पूर्वी पाच मिनिटांत मिळणारा फॅक्स आता अर्ध्या तासानं मिळू लागला. एवढा खर्च करून मी फॅक्स सावकाश केला होता. साहेबांनी मला आत बोलावून जे ऐकवलं ते मी सगळं, वर पदरची भर घालून, अण्णांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे पुढची प्रिंट काढली. मी संतापून प्रिंटरची वायर काढून नेली. अण्णांनी स्टोअरमधून दुसरी आणली.

पाहुणे आले. कॉन्फरन्स रूममध्ये मोठी स्क्रीन लावली होती. पाहुण्यांच्या देशातून त्यांचाच माणूस फॅक्स करणार आणि तो कागदाशिवाय सगळ्यांना दिसणार, असा बेत होता. "आजच्या दिवस तरी बटण दाबा," असं मी अण्णांना हात जोडून सांगितलं होतं. वेळ झाली. स्क्रीन कोरीच. साहेब माझ्याकडं बघायला लागले. तेवढ्यात दार उघडलं आणि अण्णा कागद घेऊन आत आले. सगळ्या खुर्च्यांना वळसा घालून ते थेट त्या गोऱ्या पाहुण्यासमोर जाऊन उभे राहिले.

"हात."

पाहुण्याला मराठी कळत नव्हतं, पण त्याचा हात पुढं आला. तो कागद घेऊन मनापासून हसला. साहेब हसले नाहीत. संध्याकाळी अण्णांची बदली चितेगावच्या गोदामावर झाली. तिथं फॅक्स नव्हता, आणि माणूस म्हणाल तर एक वॉचमन. बदलीचा कागद साहेबांनी शिपायाकरवी अण्णांच्या टेबलावर ठेवून दिला.

मी अण्णांच्या केबिनमध्ये गेलो तो भांडायलाच. "एक बटण दाबायचं होतं अण्णा! तुमच्या हट्टापायी माझीही नोकरी जायची वेळ आली. हातात दिला काय आणि खोक्यात टाकला काय, पोचल्याशी मतलब ना?"

अण्णा ओरडले नाहीत. त्यांना हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"किसन म्हणून माझा दोस्त व्हता. दलितवस्तीवरचा. मेंढरं आमी दोघं मिळून राखायचो. माझी माय त्याला पाणी द्यायची, ते वरून. त्यो ओंजळ धरायचा, ती वतायची. भाकर बी वरूनच टाकायची. मी बी तसंच करायचो. घरचा दस्तूरच व्हता. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत गावानं वस्ती पेटवली. दुसऱ्या दिशी मी जवारीचं पोतं घेऊन गेलो. किसन समोरच उभा व्हता, माझ्याकडं बघत. गाव बी बघत व्हतं. मी पोतं बांधावर ठेवलं अन् माघारी फिरलो. हातात नाय दिलं. त्या हप्त्यात त्यो लेकराबाळांसकट गाव सोडून गेला. पोतं तिथंच पडून व्हतं."

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "पोचल्याशी मतलब म्हणता. पोतं पोचलंच व्हतं की, इंजिनेर."

ओंजळीत वरून ओतलेलं पाणी मीही गावाकडं बघितलेलं होतं. माझा राग गेला असं नाही. साहेबांचा राग आला, त्या गावाचा आला, आणि अण्णांचाही आला. द्यायचं एकाला होतं आणि हा माणूस इतकी वर्षं साऱ्या वाळूजला देत फिरला.

अण्णा चितेगावला गेले. त्यांच्या जागी बसलेला माणूस निमूटपणे बटण दाबायचा. माझं सॉफ्टवेअर झकास चाललं.

संक्रांतीच्या दिवशी नामविस्तार दिनासाठी विद्यापीठाच्या कमानीपाशी खेड्यापाड्यांतून माणसं लोटतात. त्या वर्षी माझी स्कूटर त्या गर्दीत अडकली, आणि मला तो आवाज ऐकू आला. पाण्याच्या टेबलामागं अण्णा उभे होते. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी भरलेले ग्लास टेबलावर मांडले होते. अण्णा त्यांच्यावर खेकसत होते आणि एकेक ग्लास उचलून समोरच्याच्या हातात देत होते. "नीट धरा. घाई कुणाला हाय?" देताना ते प्रत्येकाचा चेहरा निरखत होते. त्यांच्या वयाचा कुणी आला तर त्यांची बोटं ग्लासावरून लवकर सुटत नव्हती.

मी स्कूटर बाजूला लावून रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली.

"अण्णा, किसन भेटला का?"

त्यांनी ग्लास माझ्या हातात दाबला. त्यांचे डोळे माझ्या खांद्यावरून मागच्या माणसाकडं केव्हाच गेले होते.

"पाणी पी अन् सरक पुढं," ते ओरडले. "मागं माणसं हायेत."