हात न लावलेलं कुरण

माझ्या प्रबंधात चूक निघणं शक्यच नव्हतं, कारण त्यात कुणी काही करायचंच नव्हतं! गुरांनी चरून उजाड केलेलं कुरण मोकळं सोडायचं आणि माणसाचा हात लागला नाही, तर जंगल आपोआप परततं का, ते वर्षभर बघायचं. कुरण एलिएसेरमामाचं. मी त्याला बजावलं, "चार कोपऱ्यांना चार खुंट ठोक आणि मग तिकडे फिरकूसुद्धा नकोस!"

मामानं ठोकले. पण आमच्या ग्वानाकास्ते प्रांतात खुंट म्हणजे गिरिपुष्पाची ओली फांदी, मातीत खोचली की मूळ धरणारी! विद्यापीठातून येऊन बघते, तर चारही खुंटांना ही पालवी!

"मामा, हे काय?"

"जगले!" मामा छाती फुगवून म्हणाला. "माझ्या हातचा खुंट कधी मेलाय का?"

माझं टाळकंच सरकलं. कोयता घेऊन सगळ्या फांद्या सपासप छाटल्या, तिथेच फेकल्या आणि पाय आपटत विद्यापीठाकडे, सान होसेला परतायची बस पकडली.

पुढच्या खेपेला कुरणाच्या चारी बाजूंनी हिरवीगार रांग!

"एवढ्या छान फांद्या छाटून ठेवल्यास पोरी, वाटलं लावायलाच दिल्यास."

"मी रागानं छाटल्या होत्या!"

"मग थोडा राग ओढ्याकडेही काढ. तिकडचं कुंपण मोडलंय."

मी रोपं उपटायला धावले. पण त्यांनी मुळं धरली होती; मीच चिखलात बसले. आणि नेमके तेव्हाच माझे मार्गदर्शक प्राध्यापक आर्गेदास पाहणीला हजर!

"योर्लेनी," ते चष्मा सावरत म्हणाले, "जंगल सरळ रेषेत परतलंय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामा पुढे. "दोरी धरून लावलंय, सर!"

झालं! माझं अख्खं वर्ष त्या दोरीनं फासावर गेलं.

"नवं कुरण बघ. पुन्हा पहिल्यापासून," सर म्हणाले.

"मामा! तिकडे फिरकूसुद्धा नकोस, याहून स्पष्ट काय सांगायचं होतं?" मी किंचाळले.

"मला वाटलं, गुरं घेऊन फिरकू नकोस म्हणतेयस."

मी सरांकडे वळले. निदान त्यांनी तरी मामाला चार शब्द सुनावावेत! सर एका फांदीवरून हात फिरवत होते.

"काका, यातल्या थोड्या मिळतील? आमच्या परसातलं कुंपण पडलंय."

"न्या की! ही देईल छाटून. रागात असली की फार सुरेख छाटते."

छाटल्या. वर मोळी बांधून सरांच्या गाडीतही ठेवली. काय करणार, प्रबंधावर सही त्यांचीच लागते!