सोडियमसर एकटे आत जात नाहीत

नाचणकर सर कोणत्याही दारातून एकटे आत जात नाहीत. बँक असो, पोस्ट असो, नाहीतर नाक्यावरचं सलून. बाहेर उभे राहतात, दुसरं कुणी आलं की त्याच्या कोपराला हलकेच हात लावतात, "चला" म्हणतात आणि त्याच्याबरोबर आत शिरतात. सलूनपाशी एकदा बराच वेळ गिऱ्हाईकच आलं नाही. शेवटी न्हावीच वैतागून बाहेर आला आणि त्यांना धरून आत घेऊन गेला. मंगल कार्यालयात तर त्यांनी भलत्याच माणसाचं कोपर धरलं, अनोळखी लग्नात जेवले, आहेर केला आणि मागच्या दारानं बाहेर पडले. बाहेर पडायचं ते मागच्याच दारानं, हाही त्यांचाच नियम.

सरांनी रत्नागिरीहून रोज एसटीनं जाऊन-येऊन देवरूखच्या कॉलेजात आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं. त्यात जीव अडकला तो मूत्रपिंडात आणि तिथल्या सोडियमात. म्हणून सगळी रत्नागिरी त्यांना सोडियमसर म्हणते. काकू, म्हणजे त्यांची बायको, गेल्यापासून सरांचं डोकं फिरलंय, असंही म्हणते. म्हणणाऱ्यांना दुसरे उद्योग नाहीत.

आमची ओळख भांडणातून झाली. डायलिसिससाठी डोंगराकडच्या गावांतली माणसं दोन एसट्या बदलून रत्नागिरीत येतात आणि अर्धमेली होऊन परत जातात. तालुक्याला यंत्र द्या, ही आमच्या संघटनेची मागणी. उपकार मागत नाही आम्ही, हक्क मागतो! तसं पत्रक मी लिहिलं आणि खाली ठळक अक्षरांत टाकलं : 'मीठ हा किडनीचा खुनी आहे!'

पत्रक घेऊन सर आमच्या कार्यालयाच्या दारात हजर. अर्थात बाहेरच उभे. त्यांना आत आणायला मला आधी बाहेर जावं लागलं.

"काय गो, हे तू लिहिलंस?"

"हो. चुकलं काय त्यात?"

"आजाऱ्यानं मीठ जपून खावं, ते खरंच. पण खुनी? अगो, मिठातला सोडियम तर हात धरून नेणारा आहे! काल काय जेवलीस?"

"बांगडा."

"त्या बांगड्याची पोटात अमिनो आम्लं झाली आणि रक्तात गेली. किडनी रक्त गाळते तेव्हा घाणीबरोबर तीही गाळणीतून खालच्या नळीत येतात. एवढा चांगला माल लघवीवाटे घालवायचा? नळीच्या कडेच्या पेशी तो परत उचलतात. पण पेशीत अमिनो आम्लांची आधीच गर्दी. बाजाराच्या दिवशीची देवरूखची एसटी समज. आणखी एकाला कोण घेणार? सोडियमचं उलटं. आत तो कमी, बाहेर भरपूर, म्हणून त्याला आतली ओढ. पेशीच्या दारात वाहक उभा असतो. तो म्हणतो, जोडीनं या. मग सोडियम आपल्या ओढीनं आत जातो आणि अमिनो आम्लाला संगती नेतो."

"मग आत सोडियमचीच गर्दी होईल की!"

"शाब्बास! म्हणून मागच्या दाराला पंप. तो सोडियमला रक्तात ढकलतो. पेशीची ताकद खर्च होते ती तिथं. पंप थांबला की ओढ संपली, ओढ संपली की सगळे दाराबाहेर."

मी 'खुनी' काढून 'मीठ बेतानं खा' असं घातलं. पत्रकातला दमच गेला. दोन दिवस मी सरांवर धुसफुसत होते.

मग निवेदन द्यायचा दिवस आला. आम्ही कलेक्टरसाहेबांच्या कचेरीबाहेर घसा फोडत होतो आणि शिपाई आम्हाला दारातून आत सोडत नव्हता. आमच्यात देवरूखकडची एक आजी होती. तिचा नवरा डायलिसिसवर. निवेदन तिच्याच हातात, पण कचेरीच्या पायरीला पाय लावायला ती घाबरत होती. सर कुठून आले कोण जाणे. त्यांनी तिच्या कोपराला हात लावला. "चला."

शिपाई आडवा आला. "काम काय?"

"मी यांच्याबरोबर," सर म्हणाले.

"आणि आजी, तुमचं?"

"मी ह्यांच्याबरोबर," आजी म्हणाली.

शिपाई विचारात पडला, तोवर दोघं आत! निवेदन साहेबांच्या टेबलावर पोचलं. यंत्र अजून आलेलं नाही. आम्हीही गप्प बसलेलो नाही.

त्याच संध्याकाळी मी सरांचे आभार मानायला गेले. घरात दिवा नव्हता. सर पुढच्या पायरीवर बसले होते.

"किल्ली हरवली, सर?"

"नाही गो. ही बघ." किल्ली मुठीतच होती.

"मग बसलात का असे?"

"आमची रीत होती. तुझी काकू शाळेत शिकवून यायची, मी कॉलेजातून. जो आधी येईल त्यानं पायरीवर थांबायचं आणि दोघांनी मिळून आत जायचं. बहुतेक तीच थांबलेली असायची. माझं कॉलेजात काही ना काही निघायचं." मग बेड्याकडे, बांबूच्या त्या फाटकाकडे, बघत म्हणाले, "आता मी आधी येतो."

"आणि कुणीच आलं नाही तर?"

"येतं कुणीतरी. दूधवाला, मीटर बघणारा. अगदीच नाही तर शेजारचं मांजर."

मी त्यांच्या कोपराला हात लावला. "चला, सर."

आत जाऊन त्यांनी दिवा लावला, चहा केला. माझा कप रिकामा होताच उठून मागीलदार उघडलं.

"बसते की थोडी."

"नको. सोडियमनं आत मुक्काम करायचा नसतो. बाहेर आणखी कुणी उभं असेल."

असं म्हणाले खरे, पण वाटेतून बाजूला होईनात. कडीवरचा हातही सुटेना.

"आत घ्यायला काही लागत नाही, गो," ते म्हणाले. "सगळी ताकद इथं लागते."

आणि ते बाजूला झाले. मी पोफळींमधून, कुंपणाच्या दगडी गडग्याच्या कडेकडेनं वळसा घालून पुन्हा पुढच्या गल्लीत आले.

हल्ली आमच्या सभा दिवेलागणीच्या आत संपतात. मला सरांच्या पायरीपाशी पोचायचं असतं. कार्यकर्ते कुरकुरतात. कुरकुरू देत.