धोटे सरांची चौथी रेघ

आमच्या प्रताप नगरच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर उतरलं, की "लाल!" अशी हाक येते. चौथ्यावरचा माणूस उतरला तर "हिरवट निळा!" आणि पाचव्यावरचा असला तर "निळा!" हे ओरडणारे धोटे सर. दुसऱ्या मजल्यावर दारात खुर्ची टाकून बसतात. जन्मभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. आता पोरं राहिली नाहीत, म्हणून आम्हाला पकडतात. मी तिसऱ्यावर राहतो, म्हणजे कायमचा लाल.

पहिल्यांदा मी भांडलोच. शाळा चौथीतच सुटली, पण कळमन्याच्या बाजारात संत्र्याची आडत मी ताठ मानेनं चालवली. मला कोणी रंगानं हाक मारावी?

"काहून हो सर, माणसं ओळखू येत नाही का?"

सर खूश. कोणी काही विचारलं की त्यांना जेवल्यासारखं होतं.

"बसा भाऊ. हायड्रोजनच्या अणूत एकच इलेक्ट्रॉन. त्याचेही असेच मजले. मजल्यावर राहीन, दोन मजल्यांच्या मधात कधीच नाही. वरून खाली उतरला की तेवढ्या फरकाचा उजेड टाकते. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आला तर लाल. अन् पहिल्यावर उतरला तर असा उजेड, की डोळ्याले दिसतच नाही."

"म्हणजे मी दूध आणाले गेलो की दिसेनासा होतो?"

"बिलकुल!"

तळमजल्यावर पार्किंग आहे, तो सर मोजतच नाहीत. लिफ्टवर तर त्यांचा भारी राग. "मधातच लटकवते! इलेक्ट्रॉनले चालन का असं?" गुडघे कुरकुरतात, पण जिनाच चढतात.

घरात त्यांनी हायड्रोजन भरलेली काचेची नळी ठेवली आहे. रविवारी दुपारी पडदे ओढून तिला वीज देतात. नळी गुलाबी पेटते, आणि बारीक रेघा कोरलेल्या काचेतून पाहिलं की तो उजेड फुटून वेगवेगळ्या रंगांच्या रेघा दिसतात. सर बोलवायचे, पण मी त्या काचेला डोळा लावला नाही. एकदा नाही म्हटलं की नाही.

भांडण असायचं सरांचं आणि त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं. सरांना रेघा तीन दिसत, वहिनींना चार.

"तिकडं टोकाले जांभळी आहे," वहिनी म्हणायच्या.

"सहाव्या मजल्याची ती. असते, पण इतकी फिक्की की आपल्या नळीत दिसूच शकत नाही. तू माझ्या पुस्तकातलं सांगून राहिली."

"तुमची पुस्तकं फक्त झटकते मी. वाचत नाही."

कित्येक वर्षं हेच. कोणी मागं हटलं नाही.

मग एका रविवारी सर माझ्याकडे वर आले, स्वतः चालत. चेहरा उतरलेला. "भाऊ, निळी रेघ गेली. आता दोनच." मोतीबिंदू. ऑपरेशनला घाबरत होते. उरलेल्या दोनही गेल्या तर? माझे दोन्ही डोळे झालेले. मी दटावलं, "चला गपचूप," आणि रिक्षात घालून नेलं.

डॉक्टरांनी बरं झाल्याचं सांगितलं त्या दुपारी सरांनी नळी लावली. काचेला डोळा लावला आणि बोटांवर रेघा मोजल्या. मग ओरडले, "अवं, इकडं ये! चार आहेत! जांभळी आहे!"

वहिनी हात पुसत आल्या. त्यांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"मले तर तीनच दिसून राहिल्या," त्या हळूच म्हणाल्या. "तुमचंच खरं होतं हो. मनातलीच असन माझी."

सरांना इतक्या वर्षांचं भांडण जिंकता आलं असतं.

"नाही वं. तुले बरोबर दिसत होती. माझ्याच डोळ्याची काच पिवळी झाली होती."

"राहू द्या. माझं मन नका राखू."

"सांगा ना भाऊ हिले!" सर माझ्याकडे वळले.

मी काचेला डोळा लावला. लाल, हिरवट, निळी. आणि तिकडं काठावर, पिकलेलं जांभूळ चुन्याच्या भिंतीला घासावं तशी फिक्की एक रेघ.

"आहे वहिनी," मी म्हणालो.

"तुम्ही दोघं म्हातारे आता मिळालेच," वहिनी हसल्या आणि चहा टाकायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सर त्यांना डोळे दाखवायला घेऊन गेले. रांगेत वहिनींची पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून बसले होते. वहिनींचंही ऑपरेशन झालं. तेव्हापासून नळीवर कापड आहे.

मला आता चटक लागली आहे. काल मीच म्हणालो, "सर, लावा ना एकदा."

"थांबा गा भाऊ," सर म्हणाले. "तिची पट्टी निघू द्या. आधी ती पाहीन."