वानखेडे काकांचे दोन थेंब

वानखेडे काका लग्नाच्या पंगतीतसुद्धा प्लांटमधला सेफ्टी गॉगल लावून बसतात. कारण काय, तर धुळीची अ‍ॅलर्जी. भिलाईत राहून धूळ सोसत नाही म्हणणाऱ्या माणसाने जायचं तरी कुठे?

काका सेक्टर २ मधले आमचे शेजारी. स्टील प्लांटच्या सेफ्टी विभागातून निवृत्त झाले, पण विभाग काही त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. हेल्मेट न घातलेल्या दूधवाल्याला ते गेटवरच व्याख्यान देतात. जिन्यात पाणी सांडलेलं दिसलं की त्यांच्या वहीत ‘निअर मिस’ अशी नोंद होते. म्हणजे अपघात थोडक्यात टळला.

डोळ्यांच्या खाजेवर मात्र त्यांच्याकडे रामबाण होता. डॉक्टरांनी कधीकाळी आठवड्यापुरते दिलेले थेंब काकांनी मेडिकलमधून परस्पर आणत आठ वर्षं चालवले. वर वाटलेही! सकाळी त्यांच्या ओट्यावर डोळे चोळणाऱ्यांची ही गर्दी.

"कावून चोळून राहिला बे? टाक न दोन थेंब. खाज बंद!"

मीही टाकायचो. खाज खरंच बंद व्हायची.

मग एक दिवस काकांची स्कूटर त्यांच्याच गेटच्या डाव्या खांबाला धडकली. "दिसलाच नाही न मले," काका खांबाकडे रागाने बघत म्हणाले. मी त्यांना बळेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं, मग ती बाटली हातात घेतली. "ये डालने को किसने बोला था?"

"मैंनेच," काका म्हणाले.

थेंबांत स्टेरॉइड होतं. डोळ्यांतला दाब वर्षानुवर्षं गुपचूप वाढत गेला आणि काचबिंदू झाला. डाव्या डोळ्याची निम्मी नजर गेली होती, आणि गेलेली परत येणार नव्हती. मी हादरलोच. ना दुखणं, ना काही! माझेही डोळे तिथेच तपासून घेतले. मी वाचलो होतो.

काकांनी स्वतःचं काहीच विचारलं नाही. "बाकीच्याइचं काय, डॉक्टरसाब?" एवढंच म्हणाले.

त्याच संध्याकाळी घरोघर जाऊन त्यांनी बाटल्या परत घेतल्या आणि प्रत्येकाला तपासायला पिटाळलं. वहीत लिहिलं, ‘निअर मिस नाही. अपघात. जबाबदार मी.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटा रिकामा होता. काका गॉगल लावून एकटेच बसले होते. मी शेजारी खुर्ची ओढली.

"आता माह्याकडं कोणी कावून येईन बे?" ते म्हणाले.

तेव्हा लक्षात आलं, काका हे गेटकडे बघून बोलत होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो होतो.

मी खुर्ची उचलून उजवीकडे ठेवली आणि आत काकूंना हाक मारून दोन कप चहा सांगितला.