पाणी येईल, येईल, येईल अथवा येणार नाही

१९९३च्या मे महिन्यात डोंबिवलीतील आमच्या सोसायटीने एक ठराव एकमताने मंजूर केला : उद्या पाणी कधी येणार याचा अंदाज सेक्रेटरींनी रोज फळ्यावर लिहावा. पाणी आणण्याचा ठराव कोणी मांडला नव्हता.

सेक्रेटरी गुरुदत्त प्रधान यांचे पहिले अकरा अंदाज चुकले. बाराव्या दिवशी ते जिन्यातल्या सभासदांना चुकवून व्याख्यानमालेला जाऊन बसले. तिसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक त्र्यंबक वैद्य विश्वाच्या जन्मावर बोलत होते. जन्मताच, निमिषाच्याही आत, विश्व अफाट फुगलं. हे फुगणं कुठे ना कुठे चालूच राहिलं तर असंख्य विश्वं होतात, आणि जे जे शक्य ते ते कुठेतरी घडतंच. मग आपल्या वाट्याला काय येईल, हे वर्तवणं कठीण.

प्रधानांनी शेवटचं वाक्य सोडून सगळं लिहून घेतलं.

शनिवारी फळा झळकला : ‘रविवारी पाणी सकाळी येईल, दुपारी येईल, संध्याकाळी येईल अथवा येणार नाही.’

रविवारी नीला कर्णिकांच्या नातवाचं बारसं होतं. चाळीस पानं.

“प्रधान, मी टँकर मागवते. तेवढी परवानगी द्या.”

“नीलाताई, फळ्यावर ‘येईल’ तीनदा आहे, ‘येणार नाही’ एकदाच. टँकर नामंजूर.”

नीलाताई प्राध्यापकांना हाताला धरून खाली घेऊन आल्या.

“अहो, शक्यता अशा मोजत नाहीत,” प्राध्यापक म्हणाले.

“मग कशा मोजतात?” प्रधानांनी विचारलं.

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. “जगभर त्यावरच तर अडलंय.”

“तुमचं अडलंय. आमचं कामकाज सुरू आहे.”

“पण भाऊजी, पाणी येईल का?” नीलाताईंनी प्राध्यापकांना विचारलं.

“एका विश्वात नक्की येईल.”

“त्या विश्वात पाहुणे येतायत का माझे?”

रविवारी पाणी आलं नाही. श्रीखंडाने माखलेले चाळीस हात वर धरून पाहुणे जिन्यात उभे राहिले. सभासद धावत फळ्यापाशी गेले. चौथा पर्याय तंतोतंत खरा ठरला होता. तिथल्या तिथे विशेष सभा भरली आणि प्रधानांचं अभिनंदन झालं. फळा नीट न वाचल्याबद्दल नीलाताईंना समज देण्यात आली. अनुमोदन देणाऱ्यांत चिकट हातांचे दोन पाहुणेही होते.

हसताय? हसा. पण परवा खिडकीपलीकडच्या साहेबाने तुम्हाला ‘होऊन जाईल’ असं सांगितलं, तेव्हा त्याचे आभार मानून घरी कोण आलं होतं?