दंतवैद्यांच्या डिकीतली बंद पेटी

"लिहा वहिनी," भावजी म्हणाले. "गुन्हेगारांचा कर्दनकाळ, सूक्ष्म निरीक्षणाचा महामेरू, ज्याच्या नजरेतून मुंगीच्या पायाचा ठसाही सुटत नाही असा..."

"पुढच्या पायाचा की मागच्या?"

"दोन्ही लिहा."

मी दोन्ही लिहिलं. माझे धाकटे दीर स्वतःला गुप्तहेर म्हणवतात आणि मी त्यांची सहाय्यक आहे, कारण घरात फक्त माझंच अक्षर वाचता येतं. आजवर त्यांनी दोन केसेस हाती घेतल्या. एकीतला आरोपी ते स्वतःच निघाले. दुसरीचा तपास मांजर आपणहून परत आल्यामुळे थांबला.

ही तिसरी. माझा नवरा सुतार. वीस वर्षं कारखान्यात कपाटांचे ड्रॉवर बनवले आणि गेल्या महिन्यात नोकरी सोडून घराच्या पुढच्या खोलीत गाडीच्या सब-वूफरच्या पेट्या बनवायला घेतल्या. सब-वूफर म्हणजे फक्त जाडा, खालचा आवाज काढणारा मोठा स्पीकर. तो नुसता ठेवला तर घसा बसल्यासारखा वाजतो. चांगल्या पेटीत बसवला की छातीत धडधडतो. पेट्या दोन जातींच्या. भोकाची पेटी जोरात घुमते, पण जागा फार खाते. बंद पेटी, म्हणजे कुठंही भोक नसलेली, आटोपशीर असते आणि नेमकी वाजते.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते दातांचे डॉक्टर. दिवसभर ड्रिलची किरकिर ऐकून त्यांचे कान विटले होते. घरी जाताना तरी त्यांना जाडा आवाज हवा होता. ह्यांनी दोन्ही पेट्यांचे गुण समजावून सांगायला घेतले, तोच डॉक्टरांनी हात वर केला.

"भोक नको. दिवसभर भोकंच बघतो."

म्हणून बंद पेटी ठरली. ह्यांनी आठ दिवस खपून ती बनवली, मी सुवाच्य अक्षरात कागद लिहून तिच्या पाठीवर चिकटवला, वायरमननं ती डिकीत बसवली, आणि डॉक्टरांनी गाणं लावलं तर पेटीतून हूं की चूं नाही.

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. कारखान्याच्या फोरमननं ह्यांची जागा आज संध्याकाळी सहापर्यंत राखून ठेवली होती. "पहिलीच पेटी मुकी निघाली," हे म्हणाले, "तर मी सहाच्या आत हो म्हणतो. उद्यापासून परत ड्रॉवर." चार वाजले होते. मी भावजींना बोलावलं नाही. ते आपले आपण आले.

"पुढचे स्पीकर छान वाजतात," डॉक्टर सांगत होते. "पण खाली सगळं सुन्न. जबड्यात इंजेक्शन दिल्यासारखं."

"मी जरा पेटीच्या मागं बघतो," असं म्हणून हे पुढे झाले.

"खबरदार, दादा! घटनास्थळाला हात लावायचा नाही!" भावजींनी माझी कपडे वाळत घालायची दोरी चिमट्यांसकट काढून दारातल्या गाडीभोवती बांधली. वायरमन पायरीजवळच्या स्टुलावर चहा पीत बसला होता.

"यांना विचारू या का?" मी म्हटलं.

"साक्षीदाराला विचारून केस सोडवणं ही सामान्य माणसाची पद्धत आहे, वहिनी," भावजी म्हणाले आणि त्यांनी पेटीवर माझी शिवणाची टेप टाकली. लांबी, रुंदी, उंची. मग ह्यांची वही उघडून बोटांवर हिशेब केला आणि ते ताठ उभे राहिले.

"चोरी! बाहेरून मोजली तर पेटी सत्तेचाळीस लिटरची. दादानं वहीत आतली हवा लिहिलीय चौतीस लिटर. तेरा लिटर हवा कुणी नेली?"

"फळीच्या जाडीनं," हे म्हणाले.

भावजींनी 'फळी' हा शब्द संशयितांच्या यादीत घालायला सांगितला. मी घातला.

मग त्यांनी पेटीच्या हात पोचेल त्या सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावला. हवा गळत असली तर बुडबुडे येतील म्हणे. एकही आला नाही. "बघा, गुन्हेगारानं एकही बुडबुडा मागं ठेवलेला नाही. मुरलेला आहे."

"पण मी तर बंद पेटीच मागितली होती," डॉक्टर काकुळतीनं म्हणाले. "मला बंदच हवी होती हो!"

वायरमननं कप खाली ठेवून त्यांच्याकडे फार वेळ बघितलं.

एवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. "माझी उशी कुठाय?"

"आई, मोठी केस चालू आहे. उशीचं नंतर."

हे घाईघाईनं आभाळाकडे बघायला लागले. ते माझ्या नजरेतून सुटलं नाही, पण सहाय्यकानं स्वतः काही शोधायचं नाही असा आमचा नियम आहे.

पाच वाजले. "आता मी गुन्हेगाराच्या जागी बसून विचार करतो," असं जाहीर करून भावजी पेटीच्या शेजारी डिकीत शिरले, अंग चोरून बसले, आणि डिकीचं झाकण धाडकन पडलं. आतून धप् धप् धप् असा जाडा आवाज यायला लागला. डॉक्टरांचा चेहरा उजळला.

"आला! आवाज आला! काय नेमका आहे!"

"ते भावजी आहेत," मी म्हटलं.

डॉक्टरांनी खिन्न होऊन किल्ली आणली. भावजींना बाहेर काढून, पाणी पाजून, त्यांचा चौथा सिद्धान्त ऐकेपर्यंत (समोरच्या सीट-कव्हरवाल्याचं हसणं संशयास्पद होतं) पावणेसहा झाले. ह्यांनी फोन हातात घेतला. मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात सासूबाई दोरीखालून वाकून सरळ गाडीत शिरल्या. उशी शोधत त्यांनी मागची सीट पाडली, चष्मा लावला आणि पेटीच्या पाठीवरचा कागद मोठ्यानं वाचला.

"डॉक्टरांची पेटी. बंद." त्यांनी मान बाहेर काढली. "अरे, इथं स्वच्छ लिहिलंय की बंद आहे म्हणून! मग वाजेल कशी?"

"मी तेच म्हणतोय," वायरमन पहिल्यांदाच बोलला.

सगळे त्याच्याकडे वळले. ह्यांनी विचारलं, "तुम्ही वायर जोडली नाहीत?"

"बंद लिहिलेल्या वस्तूला मी जोडत नाही. म्हणून तर अजून जिवंत आहे. टोकांना टेप लावून ठेवलीय, दुरुस्त झाली की जोडीन."

"मग दोन तास गप्प का बसलात?"

"बंद पेटी वाजत नाही म्हणून एवढी माणसं जमली. मला वाटलं शिकलेली माणसं आहेत, काहीतरी कारण असेल."

भावजींनी भिंग काढून कागदावर धरलं. "अक्षर स्त्रीचं आहे. वळणदार. बाई घरातलीच."

"माझंच आहे, भावजी."

"कबुलीजबाब!" ते ओरडले. "लिहून घ्या, वहिनी!"

वायर जोडायला दोन मिनिटं लागली. डॉक्टरांनी गाणं लावलं आणि माझ्या दोरीवरचे चिमटे थरथरायला लागले. डॉक्टरांनी डोळे मिटले आणि त्यांच्याच पेशंटसारखा मोठा आ वासला.

सहाला पाच कमी असताना फोरमनचाच फोन आला.

"ऐकू येत नाही!" हे ओरडले. "काय? जागा? ऐकू येत नाही हो, माझी पेटी वाजतेय!" मग एक कान दाबून म्हणाले, "दुसऱ्याला द्या! द्या दुसऱ्याला!" वीस वर्षांत मी ह्यांना एवढ्या मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी भावजींनाही चहा विचारला.

उशी पेटीत होती. आत मऊ भरण घातलं की लहान पेटी मोठीसारखी वाजते, असं ह्यांनी आईंकडे न बघता कबूल केलं. सासूबाई मागच्या सीटवर पेटीला पाठ टेकून बसल्या. "माझी उशी आहे, मी इथंच टेकणार," म्हणाल्या, आणि डॉक्टरांना त्यांना घेऊन एक फेरी मारावी लागली.

दोन आठवड्यांत दुसरी बंद पेटी तयार झाली. पुन्हा घोटाळा नको म्हणून या वेळी मी कागदावर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'चालू'. वायरमननं तो नीट वाचला, हत्यारांची पिशवी परत खांद्याला लावली आणि म्हणाला, "चालू आहे ना? मग मला कशाला बोलावलंत?"