म्हात्रे मास्तरांच्या दोन बाटल्या

काशिराम म्हात्रे मास्तरांनी त्या बाटल्या शाळेत न ठेवता घरी ठेवायचं ठरवलं, आणि तिथेच त्यांचं चुकलं. शाळेत पोरं फोडतील ही भीती. घरी काय, फक्त बायको दमयंती होती.

सन अठ्ठावन्न. पनवेलच्या हायस्कुलात मास्तर सायन्स शिकवत. तीन वर्षं टेंपररी. कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं, की भातखाचरांच्या चिखलात दलदलीचा गॅस खाऊन जगणारे जंतू असतात. उद्या कोळशाच्या खाणीत सोडले तर स्फोटसुद्धा टळतील. झालं, मास्तर पेटले. (गॅसच्या आधी.) डबक्यातला चिखल ढवळून त्यांनी बुडबुडे पकडले, सरबताच्या दोन बाटल्यांत सारखाच गॅस आणि सारखीच हवा भरली. एकीत खाचरातला कच्चा चिखल घातला, दुसरीत तोच उकळून जंतू मारलेला. वर चिठ्ठ्या डकवल्या: ‘जिवंत’ आणि ‘मेलेले’. पंधरा दिवसांत जिवंतांनी गॅस फस्त केला, की ती बाटली काडी लावूनही पेटणार नाही. मेलेल्यांची मात्र भडकेल. हे बघायला त्यांनी रविवारी खुद्द हेडमास्तर गुप्त्यांना बोलावलं. कायम करण्याच्या कागदावर सही त्यांचीच व्हायची होती.

गुप्तेसरांचा चहा झाला. मास्तर काडेपेटी आणायला आत गेले.

“अवो,” दमयंती कुजबुजली, “सायेब येनार म्हनून बाटल्या पुसल्या मी.”

“बरं केलंस.”

“कागद सुटले व्हते. परत चिकटवलेत.”

मास्तरांचा काडेपेटीकडे गेलेला हात थांबला. “ज्याचे त्यालाच ना?”

“मला कुठं वाचाया येतं? दोनी चिखलच नाय का?”

“म्हात्रे, आटपा!” ओटीवरून हाक आली.

ओटीवर येऊन मास्तरांनी बाटल्या उजेडात धरल्या. दोन्ही सारख्याच काळ्या. खरं सांगावं तर तीन वर्षं पाण्यात. त्यांनी ‘जिवंत’ उचलली आणि हात जमेल तेवढा लांब केला.

“सर, जरा मागे सरता का?”

“का? ही पेटत नाही म्हणालात ना?” सरांनी चष्मा सावरून तोंड बाटलीपाशी आणलं. “जंतू दिसतात?”

“नाही सर, फार बारीक...”

“मग लावा काडी.”

पहिली काडी विझली. दुसरी मोडली. तिसरी पेटली तेव्हा मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

भप्प!

डोळे उघडले तर सरांची टोपी अंगणात आणि उजव्या मिशीतून धूर. तेवढ्यात दमयंतीने धावत येऊन अख्खी कळशी सरांच्या डोक्यावर उपडी केली. मास्तरांनी चिठ्ठ्यांचं सगळं सांगून टाकलं.

गुप्तेसर निथळत उभे होते. “दुसरी लावा.”

“सर?”

“लावा म्हणतो ना!”

दुसऱ्या बाटलीच्या तोंडाशी काडी नेली. ती मुकाट्याने जळत मास्तरांच्या बोटापर्यंत आली. बाटली गप्प.

“खाल्ला! सर, गॅस खाल्ला त्यांनी!” चटका विसरून मास्तर ओरडले.

सरांनी उरलेली मिशी चाचपली. “जंतूंचं काम चोख आहे, म्हात्रे. त्यांना कायम करायला माझी हरकत नाही. तुमचं अजून वर्षभर बघू.”